वाचलेली पुस्तकं घरीच राहिली

माझी नणंद माझ्याहून मोठी, म्हणून घरातल्या सगळ्यांसारखं मीही तिला ताईच म्हणते. ती पडद्यांच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या घरी जायचं, स्टुलावर चढायचं, खिडकीला टेप लावून मापं घ्यायची. ‘गावभरच्या खिडक्या मी झाकते,’ असं हसून सांगायची. तिच्या स्वतःच्या घरात काय चाललंय, त्याचा मात्र आम्हाला कित्येक वर्षं पत्ता नव्हता.

तिच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान. गल्लीत विचाराल तर देवमाणूस. म्हाताऱ्याकोताऱ्यांना गोळ्या घरी नेऊन द्यायचा, आवाज कधी चढायचा नाही. मारायचा तेसुद्धा कपड्यांखाली झाकलं जाईल अशा जागी, आणि नंतर मलम स्वतःच आणून द्यायचा.

त्यांची मुलगी बिट्टी. तिच्यावर मात्र त्याने कधी हात उगारला नाही. रोज संध्याकाळी दुकानातून आला की तिला शेजारी बसवून लाडालाडात विचारायचा, आई आज कुठे गेली होती, फोनवर कुणाशी बोलली, घरी कोण आलं होतं. नऊ वर्षांची पोर, बाबावर जीव, आणि तोंडात तीळ भिजत नाही. सगळं सांगून मोकळी व्हायची. त्यातल्या एखाद्या वाक्याचे परिणाम ताई नंतर भोगायची.

म्हणून ताईने घर सोडायचं ठरवलं तेव्हा बिट्टीला काही सांगितलं नाही. शाळेला सुट्टी लागली होती. आठ दिवस मामाकडे, म्हणजे आमच्याकडे जायचं, एवढंच घरात जाहीर झालं. लागतील ते कागद ताईने आधीच तिच्या पडद्यांच्या दुकानातून आमच्या पत्त्यावर पाठवले होते.

“वहिनी, तिच्याशी खोटं बोलताना माझी जीभ अडखळते,” ती मला फोनवर म्हणाली. “पण खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर जाईल.”

कपड्यांचं सोपं होतं. आठ दिवसांना लागतात तेवढेच घ्यायचे, जास्त घेतले की संशय. बिट्टीला कपड्यांचं काही नव्हतंच. तिचा जीव पुस्तकांत. तिच्या पलंगाशेजारी एक बुटकं कपाट होतं, त्यात वरपासून खालपर्यंत तिची पुस्तकं. निघायच्या आदल्या दुपारी तिने ती सगळी जमिनीवर मांडली आणि दोन ढीग केले.

“हा वाचलेला, हा न वाचलेला,” ती ताईला म्हणाली. “न वाचलेली नेते.”

वाचलेल्या ढिगात सगळ्यात वर छत्र्या विकणाऱ्या कोल्ह्याचं पुस्तक होतं. पाठीला चिकटपट्टी, पानं मऊ पडलेली. बिट्टीला ताप आला की तेच लागायचं. घरात वातावरण तापलं की ती तेच घेऊन पलंगाखाली शिरायची, हे ताईला ठाऊक होतं.

“अगं, हे घे ना,” ताई म्हणाली. “आवडतं ना तुला?”

“हे कशाला? पाठ आहे मला. आणि आल्यावर आहेच की.”

“प्रवासात बरं असतं, ओळखीचं पुस्तक.”

“आई, जागा जाते! बाबा म्हणालेत, चारच न्यायची.”

ताईने मला नंतर सांगितलं, त्या क्षणी तिला पोरीचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. आल्यावर काही नाहीये गं, हे कपाट तू परत बघणार नाहीस, उचल तुला हवं ते! शब्द अगदी ओठांशी आले होते. ती मोरीत गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. बाहेर आली तेव्हा बिट्टी दोन पुस्तकं हातात तोलून, कुठलं जास्त दिवस पुरेल याचा विचार करत होती. त्यातलं एक तर तिला मुळीच आवडत नव्हतं. नुसतं जाड म्हणून निवडलं होतं.

शेवटी ताईने कोल्ह्याचं पुस्तक गुपचूप टॉवेलाच्या घडीत घातलं.

नवरा त्या दिवशी लवकर घरी आला. चहा झाल्यावर म्हणाला, “बॅगा बघू, नीट भरल्यात का. तुझं भरणं म्हणजे सगळा पसारा.” आणि पलंगावर बसून एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. ताईने स्वतःसाठीही एक जाडजूड कादंबरी घेतली होती. सुट्टीवर निघालेल्या बाईच्या बॅगेत शोभेल म्हणून, बाकी वाचायचं कुणाला सुचत होतं! ती त्याने पाठीला धरून झटकली. काही पडलं नाही. मग टॉवेल उलगडला.

“हे काय?”

“गाडीत तिला मळमळतं. तेव्हा वाचून दाखवायला,” ताई म्हणाली.

“हे तर तिचं पाठ आहे.” तो पुस्तकाकडे नाही, ताईकडे बघत होता. “आठ दिवसांसाठी?”

ताई टॉवेलाची घडी परत घालायला लागली. तेवढ्यात बिट्टी धावत आली. “मी नको म्हटलं होतं बाबा! आईच ऐकत नाही.” तिने पुस्तक हिसकावलं आणि कपाटात ठेवून दिलं.

तो हसला. “बघ, पोरीला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे.” आणि त्या जागी त्याने गणिताचं पुस्तक घातलं.

दुसऱ्या दिवशी त्यानेच त्यांना गाडीत बसवून दिलं. खिडकीतून बिस्किटाचा पुडा दिला.

आमच्याकडे आल्यावर बिट्टीने चारही पुस्तकं भराभर संपवली, ते जाड नावडतंसुद्धा. मग गणितंही सोडवली. “बाबांना दाखवायचीत,” म्हणाली. हे ऐकून ताई उठून आत निघून जायची. रोज ठरवायची, आज सांगते, आणि रोज राहून जायचं. शेवटी आठवा दिवस उजाडला आणि बिट्टी स्वतःच बॅग भरायला बसली, तेव्हा ताई तिच्यासमोर जमिनीवर बसली. मी दारातच होते.

“बिट्टी, आपण परत जायचं नाहीये.”

“उद्या जायचं?”

“उद्याही नाही. कधीच नाही. आता इथेच.”

मला वाटलं, बाबाचं विचारेल.

“आणि माझी पुस्तकं?”

ताईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला.

“तुला माहीत होतं!” बिट्टी किंचाळली. “मी निवडत होते तेव्हा तुला माहीत होतं! सांगितलं असतंस तर मी दुसरी घेतली असती!”

त्यानंतर ती आईशी बोलेनाशी झाली. पाणी हवं असेल तर मला सांगायची. माझ्या नवऱ्याने गावातली सगळी दुकानं पालथी घातली, पण ते कोल्ह्याचं पुस्तक कुठे मिळेना. जुनं होतं, आता छापत नाहीत म्हणे. आणि मग ताईच्या फोनवर फोटो यायला लागले. नीट लावलेलं कपाट. झटकलेली चादर. एकदा उशीवर ठेवलेलं कोल्ह्याचं पुस्तक, आणि खाली, ‘बिट्टीची वाट बघतोय.’

एका दुपारी मी बाहेरून आले तर ताई पायात चपला घालून उभी. हातात रिकामी पिशवी.

“नुसतं पुस्तक घेऊन येते, वहिनी. रात्रीपर्यंत परत येते. तो दुकानात असेल.”

“त्याने ते उशीवर कशाला ठेवलंय ते कळत नाही तुम्हाला?”

“कळतं. पण ती माझ्याशी बोलत नाही गं! तिच्यासाठी बाहेर पडले आणि तीच...” ती दाराला टेकून खाली बसली. “तिथे असताना निदान आई तरी म्हणायची.”

मी आजवर ताईला उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी पिशवी हातातून काढून घेतली आणि म्हटलं, “तुम्ही गेलात तर ती माझ्याशीही बोलणार नाही कधी. तुम्ही परत आला नाहीत तर तिला मी काय सांगू?” दार मी आतून लावून घेतलं.

ती गेली नाही. पुढे कोर्टकचेरी झाली. पुस्तकं मिळावीत असा अर्जही वकिलीणबाईंनी केला, त्यावर उत्तर आलं की पुस्तकं रद्दीत दिली. खरं की खोटं, देव जाणे. ताई आता शिलाईच्या कारखान्यात जाते. बिट्टी बोलते तिच्याशी, पण मोजकं, हिशेबाने बोलल्यासारखं. मी ताईला म्हणते, येईल हळूहळू. ती मान हलवते.

मामाने, शेजाऱ्यांनी दिलेली मिळून बिट्टीपाशी पुन्हा थोडी पुस्तकं जमलीत. गेल्या महिन्यात माझ्या माहेरी दोन दिवस जायचं होतं. निघताना माझ्या नवऱ्याने तिची बॅग उचलली आणि तो कळवळला. “अगं, विटा भरल्यास का? दोन दिवसांत इतकी वाचणार?”

“वाचायला नाहीत,” बिट्टी म्हणाली. आत एकूण एक पुस्तक होतं, फाटकं गणितसुद्धा.

“परत येणार आहोत गं आपण.”

तिने आईकडे बघितलं. “नक्की?”

“नक्की,” ताई म्हणाली.

बिट्टीने ऐकून घेतलं, आणि बॅगेतलं एकही पुस्तक बाहेर काढलं नाही. ताईने बॅगेचा दुसरा बंद धरला, आणि आम्ही निघालो.