घडीचा पाळणा आणि वरवंटा

लेक तान्ह्या नातीला घेऊन दिवाळीला बंगळूरहून तिरोड्याजवळच्या आमच्या गावी आली, तेव्हा जावयांच्या खांद्यावर तबल्याच्या खोळीसारखी पिशवी होती. मला वाटलं, जावयांना उशिरा का होईना, कलेचा नाद लागला. त्यांनी ओसरीत पिशवी उघडली, दांड्या कटाकट ओढल्या आणि जाळीच्या भिंतींचा पाळणा उभा! मी टाळ्याच वाजवल्या. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात नुसता पडदा बांधायला याहून जास्त वेळ लागतो.

पण आत काहीच नव्हतं. पातळ गादी, वर ताणून बसवलेली चादर, बस्स. माझ्या बायकोने हात घालून पाहिला.

"बाई, हे तं पाट्यासारखं टणक हाये. काऊन छळून राहिली लेकराले?"

तिने मोहरीची उशी आणि मऊ गोधडी आत ठेवली. लेकीने दोन्ही बाहेर काढली.

"आई, आत फक्त बाळ. मऊ कपड्यात नाक दबलं तर तिला मान फिरवता येत नाही अजून. पाठीवर निजवायचं, झालं."

"अन् ती जागी असंल तवा? रिकामा पाळणा ठेवत नाही, माय!"

हा मुद्दा बिनतोड होता. बारशालाही बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतोच आपण. बायकोने डोळ्यांनी खुणावलं. मी आज्ञाधारक नवरा. वरवंट्याला टोपरं चढवलं आणि दिला निजवून.

लेक नातीला घेऊन आली. "बाबा, हे काय?"

"तुझी थोरली. पाठीवरच निजवली हाये, पाहून घे."

आधी तिने डोळे वटारले. मग इतकी हसली की नात दचकून रडायला लागली. वरवंटा स्वयंपाकघरात परत गेला.

माझा लोभ वेगळाच होता. लेक तान्ही असताना दुपारी माझ्या छातीवर झोपायची आणि मीही घोरायचो. नातीची तशी एक झोप मला हवी होती. फोनवर तिला पाहून पाहून ती भूक वाढलीच होती. लेकीजवळ बोललो तर म्हणाली, "जागे असाल तोवर घ्या ना बाबा. पण डोळा लागायला लागला की तिला खाली ठेवा. झोपेत लेकरू कुठे घसरलं, कळत नाही."

दिवाळी सरली. दुसऱ्या दिवशी त्यांची परतीची गाडी होती. आदल्या दुपारी सगळे बाजारात गेले आणि नात माझ्या खांद्यावर झोपली. तिचा कोमट श्वास मानेला लागत होता. माझ्या पोटात नव्या तांदळाचा भात, पापण्या जड. असं सुख अंगावर आलेलं, आणि मेली झोप त्याच वेळी येऊन राहिली! थोडं अजून, थोडं अजून, असं करत मी बसून राहिलो. मग माझी मान एकदम पुढे कलंडली आणि मीच घाबरलो.

उठलो. तिला रिकाम्या पाळण्यात पाठीवर निजवलं. तिच्या मानेखालचा हात काढायला मी मुद्दाम उशीर केला. ती जागी झाली नाही. मनात आलं, जागी झाली असती तर परत उचलता आली असती.

जाळीला टेकून जमिनीवर बसलो. सदऱ्याच्या खांद्यावर तिच्या लाळेचा ओला डाग होता. पंख्याच्या वाऱ्याने तो लवकर वाळू नये म्हणून मी त्यावर हात ठेवला.