राणी आणि पैलवान

जुळारी तसा अबोल माणूस, पण अक्षरांच्या एका टाइपाविषयी विचारलं की त्याची गाडी थांबायची नाही. छापखान्यात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे जुळवण्यात चाळीस वर्षं गेली त्याची. त्या टाइपाला त्यानं 'राणी' नाव ठेवलं होतं. उभ्या रेघा भरदार, आडव्या केसाएवढ्या बारीक, टोकांना नाजूक पाय. दुपारी डोळा लागला की ती अक्षरं पांढऱ्याशुभ्र कागदावरून सावकाश चालत जायची आणि हा आपला त्यांच्या मागे मागे. मशीनमन हलवून जागं करायचा, "काका, राणीसाहेब गेल्या का?"

राणी तो द्यायचा मोठ्या मथळ्याला, पुस्तकाच्या पहिल्या पानाला. कुणी बारीक मजकुरासाठी मागितली की ठणकावायचा, "लहान आकारात तिच्या रेघा तुटतात. नुसत्या काठ्या उरतात." आणि हाच शहाणा, लेकीचं लग्न ठरल्यावर अख्खी पत्रिका राणीच्या सगळ्यात लहान खिळ्यांत जुळवून बसला. वीस वर्षांची हौस, तिच्यापुढे अक्कल कुठली चालायला?

पहिल्या प्रुफात व्हायचं तेच झालं, बारीक रेघा उठल्याच नाहीत. दाब वाढवून काढलेलं दुसरं बरं आलं. घाईत पिशवीत गेलं ते नेमकं पहिलं. घरी बायकोनं कागद डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे वळवला आणि म्हणाली, "किती सुंदर आलंय हो."

कागदावर नुसत्या काठ्या होत्या.

"अगं, कधीपासून दिसत नाही तुला?"

"लग्न पार पडू दे म्हटलं, मग सांगेन."

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली फार तर महिनाभर. लेकीची पत्रिका तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावी, एवढंच जुळाऱ्याला आता हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं राणीचे खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खणात टाकले. कोपऱ्यातून 'पैलवान' काढला. सगळीकडून सारखा जाड, सेलच्या जाहिरातींचा टाइप, ज्याला पाहून त्यानं आयुष्यभर नाक मुरडलं होतं. पत्रिका झाली चांगली वहीच्या पानाएवढी. मशीनमन म्हणाला, "काका, लग्न आहे की सेल?"

लेकीनं ती पाहिली आणि तिचं तोंड उतरलं. "बाबा, राणीत करणार होतात ना?"

तो उत्तर देणार, तोवर आईनं खुर्चीत बसून वाचायला सुरुवात केली होती. एकेक शब्द, मोठ्यानं. लेकीचं नाव झालं, होणाऱ्या जावयाचं झालं, तारीख झाली. लेक गुपचूप तिच्या पायाशी येऊन बसली. खाली वधूच्या आईवडिलांच्या नावांपाशी आई थांबली.

"माझं नाव तुमच्या आधी?"

"वाचता वाचता दमलीस तर राहून जाईल, म्हणून."

डॉक्टरांसमोर न रडलेली ती बाई आता रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "थांबा, तुमचंही वाचते."