नाशिक चांगलं की पुणं

तालुक्याच्या एसटी स्टँडवर माझ्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचा वाद रंगला होता. एकाचा मुलगा नाशिकला, दुसऱ्याचा पुण्याला. दोघेही मुलाकडे राहून गावी परतत होते.

"नाशिकचं पाणी बघा. डाळ एका शिट्टीत शिजते!"

"पाण्याचं काय घेऊन बसलात? पुण्यात भाजीसुद्धा फोन केला की दारात येते."

लग्नाचं स्थळ सुचवावं तसे दोघे बोलत होते. उणं म्हणून काही सांगायचंच नाही. मला वाटलं, शहरं आपण अशीच जोखत असू. आपलं माणूस जिथे राहायला गेलं, ते शहर चांगलं असावंच लागतं. नाहीतर ते आपल्याला सोडून तिथे का गेलं असतं?

गाडी लागली. पिशवी उचलत नाशिकवाल्यांनी विचारलं, "महिनाभर राहिला असाल?"

"ठरवलं होतं तसं. नवव्या दिवशी निघालो. आणि तुम्ही?"

"पाचव्या."

दोघेही गाडीकडे चालू लागले. पायरीवर पाय ठेवता ठेवता नाशिकवाले थांबले आणि मागे न बघताच म्हणाले, "पण डाळ खरंच चांगली शिजते हो तिथे."