न्हाऊ घालणारी

अंघोळीआधी ती पाण्यात कोपर बुडवायची. "हाताला कळत नाही बाय, कोपराला कळतं."

परदेशी, हॅमिल्टन शहरातल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचं काम आम्ही दोघी करायचो. ती वसईची, साठीला टेकलेली, नवरा कधीच गेलेला. मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरे शहरात. फोनवर ही मराठीत बोलायची, पलीकडून इंग्रजी यायचं.

आमच्याकडे एक निवृत्त प्राध्यापक होते. आयुष्यभर त्यांनी इटलीतली रेनेसाँच्या काळातली चित्रं शिकवली होती. अंगाला मात्र कुणाला हात लावू देत नसत. एकदा ही त्यांच्या खोलीत गेली आणि अंघोळीचं नावही न काढता त्यांचं चित्रांचं पुस्तक उघडून बसली. एका चित्रात दोन सुइणी नुकत्याच जन्मलेल्या येशूला न्हाऊ घालत होत्या. एकीचा हात पाण्यात होता.

हिने आपल्या तुटक इंग्रजीत विचारलं, "देवाचं बाळ ना? मग त्याला अंघोळ कशाला?"

"तो खरंच माणूस झाला, हे दाखवायला," प्राध्यापक म्हणाले. "माणसाला दुसऱ्याचे हात लागतात. आणि ही पाणी बघणारी आहे ना, ती तू."

त्या दिवशी त्यांनी अंघोळ केली. पुढची दोन वर्षं तिच्याच हातून. टबात बसून ते तिला एकेक चित्र समजावत. बायबलातली, बागेत न्हाणारी सुझाना आणि तिच्याकडे चोरून बघणारे म्हातारे. "बाई स्वच्छच आहे म्हणे, मळ बघणाऱ्यांच्या डोळ्यांत," ती मला बसमध्ये सांगायची. मी अर्धवट ऐकायचे. तुम्हीही तेच केलं असतं.

फेब्रुवारीत प्राध्यापक गेले. त्यांचं कुणी आलं नाही. न्यायला माणसं यायच्या आत तिने त्यांना पुसून काढलं, केस विंचरले.

"आता कोमट पाणी कशाला?" मी विचारलं.

"त्यांना सवय आहे."

मग कोट चढवताना म्हणाली, "आई गेल्यापासून मला कुणी न्हाऊ घातलं नाही, बाय. कसं वाटतं तेच विसरले."

त्या रविवारी मी तिला घरी बोलावलं. डोक्याला तेल लावलं, केस धुतले. टबाच्या कडेला मान टेकून ती डोळे मिटून बसली होती. पाणी निवलं तरी उठली नाही, आणि मीही उठवलं नाही.

उन्हाळ्यात मुलीने तिला सरेला नेलं. बेसमेंटमध्ये खोली दिली. एका सकाळी फोन आला. मी विचारलं, "करमतं का?"

"इथे सगळे आपापला शॉवर घेतात आणि कामाला जातात," ती म्हणाली.

तो तिचा शेवटचा फोन. तिच्या वरच्या मजल्यावर पाणी चालू असल्याचं फोनमधून ऐकू येत होतं. ते बंद झालं, दार लागलं, गाडी निघून गेली. मग बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला.