शाकाहारी भाडेकरू
रव्यात घोळवलेले बोंबील तव्यावर चुरचुरायला लागले की त्या वासाने मला परळमधली ती दुपार हमखास आठवते. लग्नाला वर्ष होत आलं होतं, महिनाअखेरीस जुनी जागा सोडायची होती, आणि मासे खातो म्हणून दोन घरमालकांनी आम्हाला आधीच वाटेला लावलं होतं. एजंट वैतागून म्हणाला, “आता कोणी विचारलं तर सरळ शाकाहारी सांगा.” तिसऱ्या घराची मालकीण त्याच्या समोरच राहायची. तिने आम्हाला आपल्या घरात बसवलं आणि विचारलं, “खाण्यापिण्याचं काय?” सोमवारसुद्धा तोंड पाडून पाळणारा माझा नवरा हात जोडून म्हणाला, “शुद्ध शाकाहारी.” बाईंचा चेहरा उतरला. “मग नाय जमायचं. आमच्याकडे रोज मासे. उद्या तुम्हीच वासाची तक्रार कराल.” एजंटला ठसका लागला. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. बाई गुडघे धरून उठेपर्यंत मी आत धावले आणि तव्यावरचे बोंबील उलटले. त्या मागून आल्या, वाकून बघत राहिल्या. ओला बोंबील उलटताना हमखास मोडतो. माझा एकही मोडला नव्हता. “खोटां कित्याक बोललात गो?” त्या म्हणाल्या. “बस आता, जेवून जा.” हात धुतल्यावर चावी मिळाली. आम्ही अजून तिथेच राहतो, आणि ताजी मासळी आली की बाई पॅसेजमध्ये उभ्या राहून अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारतात, “ए शाकाहारी, ताट घेऊन ये!”