बुधरीबाईचा वाटा

आमच्या शाळेत दोन शिक्षक, एकोणीस मुलं आणि एक बुधरीबाई आहे. शाळा यांतल्या कोणाच्या जिवावर चालते हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने बुधरीबाईला एक दिवस सुट्टी देऊन बघावं. मी बघितलं आहे. अकरा वाजता पहिलीची पोरं घरी निघाली, साडेअकराला चौथीची, आणि बारा वाजता वर्गात मी आणि भारताचा नकाशा असे दोघंच उरलो.

बुधरीबाई खिचडी शिजवते. सोळा वर्षं झाली. आधार कार्डावर तिचं वय बावन्न आहे. ते कार्डवाल्या पोराने अंदाजाने लिहिलं आणि तिने मान्य केलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन छत्तीसगडात गेली. शाळेत तिचं स्वतःचं कोणी नाही. पण ताट पुढे करण्याच्या पद्धतीवरून कोणतं पोर रात्री उपाशी झोपलं हे तिला कळतं, आणि त्याच्या ताटात डाव अंमळ खोल जातो. मी डी.एड.ला बालमानसशास्त्रात पहिली आले होते. मला अजून कळत नाही.

गावाचं नाव कोहकाटोला. धानोऱ्याच्या पुढे जंगलात तेवीस घरं. मोबाइलला रेंज नाही. ती शाळेमागच्या टेकडीवर आहे. आमचे मुख्याध्यापक प्रणित बोरकुटे सर दिवसातून दोनदा ही टेकडी चढतात, कारण सर उपक्रमशील आहेत. उपक्रमशील शिक्षक म्हणजे ज्याचे फोटो वेळेत पोचतात तो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि यंदा उपक्रमांचा जो पाऊस लागला तो थांबेचना. सोमवारी हात धुण्याचा कार्यक्रम. बोअर बंद पडलेली, म्हणून पोरांनी कोरडे हात चोळले आणि सरांनी लांबून फोटो काढला. बुधवारी वाचन, शुक्रवारी पाककृती. मग आली वृक्षदिंडी. चहूकडे साग, मोह, ऐन, आणि मध्ये आमची एकोणीस पोरं "झाडे लावा, झाडे जगवा" असं जंगलालाच ओरडून सांगत चाललेली. वाटेत शेताच्या धुऱ्यावर बसलेल्या झाडूभाऊंनी मला विचारलं, "काऊन वो मॅडम, कोनी तोडून राह्यलं का?" झाडूभाऊ म्हणजे गावचे पाटील. मी म्हटलं, नाही भाऊ, उपक्रम आहे. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. आजारी माणसाच्या घरून निघताना हलवतात तशी.

आनंद मेळाव्यात तर कमालच झाली. पोरांनी दुकानं मांडून व्यवहारज्ञान शिकायचं, नफा सहलीच्या फंडाला. आयांनी सकाळी जंगलातून बोरं आणि आवळे वेचून पोरांना विकायला दिले, आणि दुपारी त्याच आयांनी येऊन ते विकत घेतले. पैसा गावातल्या गावात फिरला, फक्त फिरता फिरता सरांच्या डब्यात थांबला.

सहल ठरली होती नागभीडला. रेल्वे जंक्शन दाखवायचं. वडसा जवळ पडलं असतं, तिथेही रेल्वे आहे. पण सरांची सासुरवाडी वडशाला नाही, नागभीडला आहे. आमच्या एकोणीस पोरांपैकी एकानेही रेल्वे बघितली नव्हती, म्हणून मीही गप्प बसले.

बुधरीबाई मात्र गप्प नव्हती. दर वर्षी सहलीच्या दिवशी ती अंधारात उठून शंभर पुऱ्या तळते, गाडी निघाली की चूल विझवते आणि घरी जाते. पोरं परत येऊन तिला सगळं सांगतात. यंदा ती तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली, "मॅडम, रेल किती लांब राह्यते?"

"इथून नाल्यापर्यंत."

"इतकी नाई राहत कोनती गाडी."

"राहते, बाई."

"मी पाहीन तवा मानीन," ती म्हणाली, आणि सूप झटकलं. "सोळा साल झाले, लोकाईच्या डोऱ्यानं पाहून राह्यली. यंदा मले नेजा."

मी म्हटलं, सरांना विचारते. विचारलं नाही. सर नाही म्हणतील आणि मग मला वाईट वाटेल, त्यापेक्षा न विचारलेलं बरं, अशी माझी समजूत. माझ्यासारख्या माणसांमुळे जगाचं बरंच काही अडून बसतं.

बसचे पैसे मेळाव्यातून सुटण्यासारखे नव्हते. सरांनी गावाची सभा बोलावली आणि लोकसहभागावर भाषण दिलं. झाडूभाऊंनी सगळं ऐकून एकच प्रश्न केला, "घरामागं किती?"

"सगळ्यांनी सारखं द्यायचं, भाऊ," सर म्हणाले. "ज्याची पोरं शाळेत आहेत त्यानेही, नाहीत त्यानेही. शाळा गावाची आहे."

या वाक्यावर सर फार खूश होते. ते वाक्य त्यांनी अहवालातही घातलं. पण कोहकाटोल्यात घरामागे सारखी वर्गणी एकाच कामासाठी गोळा होते: पंडुमसाठी. नवं धान, नवा मोह, नवा आंबा, जे काही नवं खायचं ते आधी देवाला दाखवायचं, त्याचा हा सण. सगळी घरं सारखं देतात, आणि पूजा झाली की सगळ्या घरांसाठी सारखी पानं मांडून वाटे घालतात. आजारी असो, गावाला गेलेला असो, त्याच्याही घरचं पान लागतं. सर इथे सहा वर्षं आहेत. पंडुमचे त्यांनी फोटोही काढले आहेत.

तिसऱ्या दिवशी बसभाड्यासाठी विकायला प्रत्येक घरातून दोन पायल्या धान शाळेत आलं. बुधरीबाईनेही टोपली आणून ठेवली. सर म्हणाले, "बाई, तुमचं तर कोणी शाळेत नाही. तुम्ही नाही दिलं तरी चालेल."

"घर तं आहे ना माहं," ती म्हणाली. सरांनी धान मोजून घेतलं.

सहलीच्या सकाळी बस आली तेव्हा अजून फटफटत होतं. पोरं तेल लावून तयार होती, आणि त्यांच्या मागे प्रत्येक घरातून एक एक मोठं माणूस आलं होतं. स्वच्छ धोतरं, धुतलेली लुगडी, हातात डबे. एकाने कोंबडा आणला होता. सगळ्यात शेवटी पुऱ्यांची टोपली आणि पदराला तळणाचा वास घेऊन बुधरीबाई.

"हे काय भाऊ?" सर म्हणाले.

"वाटा," झाडूभाऊ म्हणाले. "घरामागं एक."

"अहो, सहल विद्यार्थ्यांची आहे! मोठ्या माणसांना नेता येत नाही."

झाडूभाऊंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पाठोपाठ आणखी बावीस कागद निघाले. मागच्या साली प्रौढ साक्षरतेचं उद्दिष्ट आलं होतं तेव्हा सरांनी एका दुपारी साऱ्या गावाला साक्षर केलं होतं आणि प्रमाणपत्रं हातात देऊन फोटो घेतला होता. त्यावर सरांचीच सही होती. "आमी बी तुमचेच विद्यार्थी आहो, सर," झाडूभाऊ अगदी आदराने म्हणाले. "वाचता नाई येत. पन पास आहो."

सरांनी स्वतःची सही बघितली आणि बसच्या दारातून ते बाजूला झाले. हसू लपवायला मी पोरांची हजेरी घेऊ लागले.

हिशेब बरोबर बसत होता. बसमध्ये चव्वेचाळीस जागा. एकोणीस पोरं, तेवीस घरांचे तेवीस जण आणि आम्ही दोघं. बुधरीबाईला डावीकडची तिसरी खिडकी मिळाली. तिने काच सरकवून बघितली, बंद केली, परत सरकवली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, आणि तेवढ्यात मोटारसायकलवर आमचे केंद्रप्रमुख साहेब आले. मागे मिसेस, पुढे टाकीवर पियुष नावाचा नववीतला मुलगा. साहेबांना शैक्षणिक सहलीचं पर्यवेक्षण करायचं होतं. मिसेसना नागभीडला बहिणीकडे जायचं होतं.

सरांची धावपळ सुरू झाली. पोरांना तिघं तिघं कोंबून दोन जागा निघाल्या. तिसरी पियुषसाठी हवी होती, आणि तीही खिडकीची, कारण त्याला खिडकी नसली की उलटी होते. सरांची नजर फिरत फिरत बुधरीबाईवर थांबली.

"बाई, तुम्ही उतरता का? तुमचं तसं पोरांत कोणी नाही. आणि उद्याची भांडी पण..."

बुधरीबाई उठली. पुऱ्यांची टोपली तिने माझ्या मांडीवर ठेवली, "दुपारी देजा पोराईले, नरम राह्यतीन," म्हणाली, आणि उतरली. माझ्याजवळ एक जागा होती. मी तीत बसले होते. मी उठायला हवं होतं हे मला त्या क्षणीही कळत होतं, आणि मी टोपलीवरचं फडकं नीट करत राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

मग झाडूभाऊ उतरले. त्यांच्या मागे कोंबडेवाला पोचू उतरला. मग त्याच्या मागचा. कोणी ओरडलं नाही, कोणी सरांकडे बघितलंही नाही. पोरंही उतरली, सगळ्यात लहान दीपिका दोन्ही पायांनी उडी मारून. तीन मिनिटांत बसमध्ये साहेबांचं कुटुंब, सर आणि मांडीवर शंभर पुऱ्या घेतलेली मी एवढेच राहिलो.

"काय झालं भाऊ?" सर दारातून म्हणाले.

"एका घराचा वाटा नाई लागला. मंग कोनी पानाले हात लावत नाई."

"अहो, ही सहल आहे, पंडुम नाही!"

"धान नेलं तवा पंडुमसारखंच नेलं ना जी तुमी? घरामागं, सारखं." झाडूभाऊंचा आवाज जराही चढला नव्हता. "सांगा बरं, या गाडीत वर्गणी कोनाची नाई?"

गाडीत आता फक्त त्याच लोकांची गर्दी होती. लोकसहभागाचे हिशेब मीच लिहिले होते; त्यात शिक्षकांचा रकानाच नव्हता. साहेब मोठ्या मनाचे. त्यांनी पाचशेची नोट काढून खिडकीतून पुढे केली.

"पानं मांडल्यावर वर्गणी घेत नाई, साहेब."

आमच्यात सगळ्यात आधी मिसेसना समजलं. "चल रे पियुष," त्या म्हणाल्या आणि पर्स घेऊन उतरल्या. "मले तं तशीबी गाडी लागते." साहेबांनी नोट परत खिशात घातली आणि पर्यवेक्षण पूर्ण झाल्याचं सांगून ते मोटारसायकलकडे गेले. आम्ही दोघंही उतरू लागलो तेव्हा झाडूभाऊंनी हात आडवा केला. "तुमी पाहुने आहा. पाहुन्याले बी वाटा असते. पन आखरीले."

म्हणून सर आणि मी नागभीडपर्यंत शेवटच्या बाकावर बसून गेलो. रस्त्यातला एकही खड्डा आमच्याशी ओळख केल्याशिवाय राहिला नाही. बुधरीबाई तिच्या खिडकीत बसली आणि गाडी गावाबाहेर पडायच्या आत झोपली. रात्रभर चुलीपुढे होती बिचारी.

बुधरीबाईच्या पुऱ्या आणि सासुरवाडीचं जेवण झालं, मग आम्ही स्टेशनावर गेलो. फलाटाची तिकिटं काढली, पोरांना पिवळ्या रेषेमागे उभं केलं. पॅसेंजर आली. ती येतच राहिली, डब्यामागून डबा, आणि शेवटचा डबा थांबला तेव्हा इंजिन पार तिकडे गेलेलं. बुधरीबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खरंच सांगत होते तुमी. नाल्यापर्यंत आहे."

मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. दुपारची वेळ, गाडीत गर्दी नव्हती. आमच्यासमोरचा डबा जवळजवळ रिकामाच. बुधरीबाईने आत डोकावून बघितलं.

"मॅडम, हे कोनाच्या वर्गणीची आहे?"

"सरकारची आहे बाई."

"सरकार कोनाकडून घेते?"

"सगळ्यांकडून. आपण तेल घेतो, साबण घेतो, त्यात थोडं थोडं सरकारला जातं."

"माह्या घरून बी?"

"हो. तुमच्याही घरून."

"असं," ती म्हणाली, लुगडं सावरलं आणि डब्यात चढली. खिडकीशी जाऊन बसली. झाडूभाऊंनी ते बघितलं आणि तेही चढले. मग पोचू, मग एक एक करून तेवीस घरं, आणि ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं ती एकोणीस पोरं सगळ्यांच्या मधून धावत. सर फलाटावर फोन उंच करून ओरडत होते, "उतरा! अहो, फोटो झाला, उतरा!"

कोणीही उतरलं नाही. मी तिकिटाच्या खिडकीकडे पळाले. पुढे ब्रह्मपुरी आहे, आमच्या परतीच्याच वाटेवर. सगळ्यांची आणि माझं एक अशी तिकिटं मी स्वतःच्या पर्समधून काढली. नोकरीला लागून अकरा वर्षं झाली, या शाळेसाठी पदरचे पैसे मी पहिल्यांदाच मोजत होते. सरांना म्हटलं, बस घेऊन ब्रह्मपुरीला या. चव्वेचाळीस जागांची बस घेऊन सर एकटे आले; कुठेही बसायला मोकळे होते.

मी चढले तेव्हा गाडी हलली होती. तिकिटांची चवड बघून झाडूभाऊंनी विचारलं, "हे कोनं काढले?" मी म्हटलं, मी. ते मागे वळून बुधरीबाईला गोंडीत काहीतरी बोलले.

बुधरीबाईने पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीपासून सरकली. "या, इथी बसा," ती म्हणाली. "तुमचा बी वाटा आहे आता."