चंद्रव्वाची आंबेहळद

आमच्या शेजारच्या चंद्रव्वाला फुकट औषध करायची भारी हौस. फक्त मेहनत दुसऱ्याकडून करून घ्यायची, एवढंच. अक्कलकोटकडची बाई. कपाळावर विभूती, तोंडात निम्मं कानडी, निम्मं मराठी. गल्लीत कुणाचा पाय मुरगळला, कुणाला मुका मार बसला, की आधी हिचं दार वाजायचं. परसात निरगुडी, फडताळात आंबेहळद आणि जिभेवर मिरची.

चौऱ्याहत्तर साली आमच्या ह्यांचा उजवा हात मागात सापडला. ऑपरेशन झालं. चादरीच्या मागावर तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारायची, हे ह्यांचं काम; आणि बोटं अशी सुजलेली, की चिमूट जुळेचना. परत मागावर उभं राहता येईल का, ह्या घोरात घरात कुणाला घास गोड लागेना.

मी म्हटलं, "चंद्रव्वा, लाव की तुझा लेप."

"टाके निघू देत. उघड्या जखमेला मी हात लावत न्हाय. आन् आधी डाक्टरला इचार."

टाके निघाले, जखम भरली. डॉक्टर म्हणाले, लेप लावा खुशाल, पण बोटं हलवत राहा. हे कसली हलवतायत! हात उशीखाली लपवून बसायचे.

मग चंद्रव्वा सहाण घेऊन आली आणि आंबेहळदीचं वाळकं कांडं ह्यांच्याच सुजल्या हातात दिलं.

"अण्णा, उगाळा."

"मावशी, मी? दुखतंय हो!"

"मंग मी उगाळू? सूज कुणाची हाय?"

मी म्हटलं, "राबायचं रोग्यानं आणि नाव तुझं! असला दवाखाना अख्ख्या सोलापुरात नसेल."

"तू गप गं. जीभ सुजली की तुलाबी बसवते सहाणेवर."

रोज सकाळी हाच तमाशा. हे कण्हत उगाळायचे, ती कोमट लेप लावून वर निरगुडीचा शेकलेला पाला बांधायची. सूज उतरत गेली. कांडं आधी मुठीत धरायचे, मग चार बोटांत, आणि एक दिवस चक्क चिमटीत. ह्यांना पत्ताच नाही. मी मात्र चुलीकडं तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

"लेपानं गुण आला की उगाळण्यानं?" मी तिला हळूच विचारलं.

"दोन्हीनं. नुसतं 'बोटं हलवा' म्हटल्यावर बाप्ये ऐकत्यात व्हय?"

हे मागावर गेले, त्या दिवशी मी तिच्या पाया पडायला वाकले.

"ऊठ, ऊठ! तुला उचलायची ताकद न्हाय माझ्यात."

तरी मी पडलेच.